अरब हृदयरुग्णाचे न विचारलेले दुखणे

लेबनॉनमध्ये १९७५ ते १९९० अशी पंधरा वर्षे यादवी चालली. राजधानी बैरुतचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे पडले आणि मधल्या पट्ट्याला लोक ‘ग्रीन लाइन’ म्हणू लागले. कुणाची नोकरी पलीकडे, कुणाची आई पलीकडे, कुणाचा दवाखाना पलीकडे. ती रेषा ओलांडावीच लागे, आणि ओलांडताना कुठल्या पडक्या इमारतीतून कोण नेम धरून बसला आहे याचा भरवसा नसे. अशा दिवसांत बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या अब्ला सिबाई, हारुतून आर्मेनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँजिओग्राफीसाठी आलेल्या रुग्णांचा अभ्यास हाती घेतला. सिगारेट, रक्तदाब, साखर या नेहमीच्या चौकशीबरोबर त्यांनी युद्धाचीही चौकशी केली. ग्रीन लाइन ओलांडावी लागते का? युद्धात तुमच्या वाट्याला काय काय आले? हा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. युद्धाचे घाव ज्यांनी जवळून सोसले होते आणि ज्यांना ती रेषा ओलांडावी लागत होती, त्यांच्यात हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे प्रमाण जास्त आढळले.

एका अभ्यासावरून कार्यकारणाचा निवाडा होत नाही आणि युद्धाचा ताण म्हणजे नैराश्यही नाही. तरीही सुरुवात इथून केली, कारण गोळीबाराच्या आवाजात काम करणाऱ्या त्या संशोधकांनी हृदयरुग्णाला त्याच्या आयुष्याबद्दल विचारले होते. आज रियाध, दोहा, अबू धाबीच्या रुग्णालयांत जगातली उत्तम यंत्रे आहेत. इजिप्तमध्ये विख्यात शल्यविशारद मॅग्दी याकूब यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या आस्वानच्या हृदयकेंद्रात गरिबांवर मोफत शस्त्रक्रिया होतात. अरब जगात हृदयाचा उपचार झपाट्याने पुढे गेला आहे. पण स्टेंट बसवून घरी गेलेल्या माणसाला तीन महिन्यांनी ‘मन कसे आहे?’ असे विचारण्याची रीत अजून बहुतेक ठिकाणी पडलेली नाही. आणि तो प्रश्न न विचारण्याची किंमत रुग्ण कधी कधी जिवाने चुकवतो.

ही अतिशयोक्ती नव्हे. १९९३ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल हार्ट इन्स्टिट्यूटमधून नॅन्सी फ्रेजर-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २२२ रुग्णांच्या त्यांनी रुग्णालयातच मुलाखती घेतल्या. सुमारे १६ टक्के रुग्णांना नैराश्याचा आजार होता. सहा महिन्यांनी पाहिले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी १७ टक्के दगावले होते, नसलेल्यांपैकी ३ टक्के. हृदयाची किती हानी झाली होती वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही धोका चौपटीच्या आसपास राहिला. त्यानंतर जगभरातून असे पुरावे येत गेले आणि २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञगटाने असे मत मांडले की हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानंतरचे नैराश्य हा रुग्णाची पुढची वाट बिघडवणारा धोक्याचा घटक मानावा. सर्वसाधारण अनुभव असा की झटका येऊन गेलेल्या पाच जणांपैकी एकाला नैराश्याचा पुरता आजार जडतो, आणि त्याहून कितीतरी जास्त लोकांमध्ये त्याची सौम्य लक्षणे दिसतात.

अरब देशांत या प्रश्नाला स्वतःची अशी धार आहे. पहिली बाब वयाची. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासाने २००४ मध्ये दाखवून दिले की मध्यपूर्वेत पहिला झटका जगात सर्वांत लवकर, सुमारे ५१ व्या वर्षी येतो. आपला दक्षिण आशिया त्याच्या लगेच पाठोपाठ आहे. त्याच अभ्यासात मानसिक ताण, नैराश्य आणि आयुष्यातले आघात यांचा एकत्र वाटा बराच मोठा निघाला. सिगारेट आणि रक्तातली वाईट चरबी यांच्याच पंक्तीत तो बसतो. आखात आणि त्याच्या शेजारच्या मिळून सहा देशांनी २००७ मध्ये ‘गल्फ रेस’ नावाची नोंदवही ठेवली. झटका येऊन दाखल झालेल्या आठ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तीत आली. त्यांचे वय साधारण ५६ भरले आणि सुमारे ४० टक्क्यांना मधुमेह होता. पाश्चात्त्य देशांतले असे रुग्ण यांच्यापेक्षा जवळजवळ दहा वर्षांनी वडील असतात.

पन्नाशीतला अरब पुरुष म्हणजे बहुतेकदा घराचा एकटा कमावता. मुले शिकताहेत, मुलींची लग्ने व्हायची आहेत, आईवडील त्याच्याकडे आहेत, एखाद्या धाकट्या भावाचाही भार आहे. कालपर्यंत शंभर जणांच्या अडचणी सोडवणारा हा माणूस आज जिना चढताना थांबतो, आणि मुलगा त्याच्या हातातली पिशवी काढून घेतो. छातीच्या दुखण्यापेक्षा हे अधिक झोंबते. पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुस शहरातल्या रुग्णालयांत हजारावर हृदयरुग्णांची पाहणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांत नैराश्याची लक्षणे आढळली. हे शहर संघर्षाच्या सावलीत जगते ते पाहता, यात एकट्या हृदयाचा दोष नाही हे उघड आहे.

मनाचा हृदयाशी संबंध नेमका कसा जुळतो? वाटा पुष्कळ आहेत. नैराश्यात शरीर सतत सावध राहते. कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिन यांची पातळी चढी राहते, त्यामुळे रक्तदाब आणि साखर दोन्ही आवरत नाहीत. निरोगी हृदयाचे ठोके श्वासागणिक किंचित कमीजास्त होत असतात. नैराश्यात ही लवचीकता कमी होते आणि ठोका बिघडण्याचा धोका वाढतो. रक्तातल्या प्लेटलेट्स अधिक चिकट होतात आणि गुठळी लवकर धरते. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सूज राहते. हे झाले आतले. बाहेरचे त्याहून साधे आणि माझ्या मते त्याहून घातक: खचलेला माणूस गोळ्या घेत नाही. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकवायची नसते. ‘काय करायचे आता जगून’ असे मनात घोळत असताना ती वेळेवर कोण घेणार? सुटलेली सिगारेट पुन्हा ओठांत येते, हुक्का पुन्हा पेटतो. जॉर्डनमध्ये पुरुषांच्या धूम्रपानाचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. तिथे झटक्यानंतरचे उदास महिने फार महाग पडतात.

मग हे ओळखले का जात नाही? ‘अरब माणूस मनातले बोलत नाही’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. मला ते पटत नाही. तो बोलतो, अगदी स्पष्ट बोलतो, फक्त शरीराच्या भाषेत बोलतो. छाती आवळल्यासारखी वाटते, हृदयावर कुणी मूठ धरली आहे, श्वास पुरत नाही, अंगात त्राण नाही, झोप तुटते. कैरोपासून बगदादपर्यंत उदास माणसाची तक्रार अशीच येते. इजिप्तचे ज्येष्ठ मानसोपचारतज्ज्ञ अहमद ओकाशा, जे २००२ ते २००५ या काळात जागतिक मानसोपचार संघटनेचे अध्यक्ष होते, त्यांनी आयुष्यभर हे लिहून ठेवले की त्यांच्याकडचा नैराश्याचा रुग्ण आधी देहाची गाऱ्हाणी घेऊन येतो. आपल्याकडेही कोकणातली म्हातारी ‘जिवाला बरे वाटत नाही, छातीत धडधडते’ म्हणते तेव्हा ती दोन्ही दुखण्यांबद्दल एकदमच बोलत असते.

हृदयरुग्णाच्या बाबतीत यातून मोठी पंचाईत होते. थकवा, धाप, झोप न लागणे, भूक मंदावणे ही नैराश्याची लक्षणे आहेत आणि कमजोर हृदयाचीही. छाती आवळते म्हणताच डॉक्टर ईसीजी काढतो, आणि तेच बरोबर आहे. झटका येऊन गेलेल्या माणसाच्या छातीतले दुखणे आधी हृदयाचेच मानायला हवे, यात तडजोड नाही. पण ईसीजी ठीक येतो, रक्ताची तपासणी ठीक येते, पुन्हा अँजिओग्राफी केली तर स्टेंट उघडा दिसतो. रुग्णाला सांगतात, ‘तुम्हाला काही झालेले नाही.’ पंधरा दिवसांनी तो पुन्हा तातडीच्या विभागात येतो. तिसऱ्या खेपेला त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. ‘काही झालेले नाही’ या वाक्याने खरे तर चौकशी सुरू व्हायला हवी, तिथेच ती संपते.

दुसरी अडचण शिष्टाचाराची आहे. अरब रुग्णाला ‘कसे आहात?’ विचारले की उत्तर येते, ‘अल्हम्दुलिल्लाह’. ईश्वराची स्तुती असो. तापाने फणफणलेला माणूसही हेच म्हणतो आणि उद्या मरणाऱ्यालाही हेच म्हणावेसे वाटते. त्यात श्रद्धा आहे, सभ्यता आहे, समोरच्याला त्रास न देण्याची रीत आहे. डॉक्टर कागदावर लिहितो: रुग्ण ठीक. मुरलेल्या परिचारिका याच्या पुढे जातात. रात्री किती वाजता जाग येते? मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीत, मित्रांबरोबर बसायला जाता का, की निरोप पाठवून टाळता? नातवंडांचा गोंगाट हवासा वाटतो की नकोसा? कॉफीला पूर्वीची चव लागते का? या प्रश्नांना ठरीव उत्तर नसते, म्हणून खरे उत्तर मिळते.

या दुखण्याला पाश्चात्त्यांचे थोतांड म्हणणारे लोक अरब देशांतही आहेत. त्यांनी आपल्याच ग्रंथालयात डोकावले तर बरे होईल. बाराशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी अरबीत शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. शरीराच्या वैद्यांनी मनाकडे दुर्लक्ष करू नये, कारण एक बिघडले की दुसरे बिघडते, असे ते बजावतात. दुःखाचे त्यांनी दोन प्रकार केले: ज्याचे कारण सांगता येते ते, आणि ज्याचे कारण सांगता येत नाही ते. दुसऱ्या प्रकाराचा संबंध त्यांनी शरीराशी जोडला. आजच्या ट्युनिशियातल्या कैरवान शहरात इसहाक इब्न इम्रान या वैद्याने फक्त विषादावर स्वतंत्र प्रबंध रचला आणि पुढे तो लॅटिनमध्ये जाऊन युरोपभर वाचला गेला. इब्न सिना यांनी हृदयाच्या औषधांवर जी पुस्तिका लिहिली तिच्यात आनंद आणि दुःख हृदयावर कसे काम करतात याचीही चर्चा आहे. मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरच्या युनानी दुकानात आजही खमीरा मिळतो, तो हृदयाला बळ देणारा आणि मन उल्हसित करणारा असा दुहेरी गुणाचा मानतात. ती परंपरा इथवर पोचलेली आहे. खमीऱ्याने नैराश्य बरे होते असा माझा दावा नाही. सिरियातल्या हलब, म्हणजे अलेप्पो शहरात १३५४ साली उभारलेल्या अर्गून रुग्णालयात मनोरुग्णांसाठी चौक होते, कारंजी होती. वाहत्या पाण्याचा आवाज हा तिथल्या उपचाराचा भाग होता.

ही परंपरा असतानाही मानसोपचाराची पायरी चढणे कठीण होऊन बसले. कैरोत ‘अब्बासिया’ आणि लेबनॉनमध्ये ‘अस्फुरिया’ ही मनोरुग्णालयांची नावे शिवीसारखी वापरली जातात, जशी आपल्याकडे येरवडा आणि ठाण्याची. घरात कुणी मानसोपचार घेतो हे कळले तर मुलीच्या लग्नात अडचण येते, अशी भीती असते. लेबनॉनमध्ये एली करम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभर पाहणी केली. दर चार प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार होऊन गेलेला आढळला, पण मदत घेईपर्यंत मधे बरीच वर्षे निघून जात होती. मनोदशेच्या आजारांत ही दिरंगाई साधारण सहा वर्षांची होती. ही गोष्ट अरब जगातल्या सर्वांत मोकळ्या समजल्या जाणाऱ्या देशाची. हृदयरुग्णाकडे थांबायला सहा वर्षे नसतात.

धर्माला इथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. संकटात धीर धरणे, म्हणजे सब्र, हा मोठा गुण मानला जातो आणि ईश्वराच्या कृपेविषयी निराश होणे दोष मानला जातो. त्यामुळे उदास माणसाला वाटते की आपलीच श्रद्धा कमी पडली, आणि दुखण्यावर अपराधाचे ओझे चढते. कुणी नजर लागली म्हणतो, कुणी जिन्नाची बाधा म्हणतो. शेखकडे, म्हणजे धर्मगुरूकडे, जाऊन कुराणातील आयतींचे पठण करवून घेतले जाते. हे सगळे खरे आहे. पण त्याच धर्मात आजाऱ्याच्या भेटीला जाणे हे कर्तव्य सांगितले आहे. मॉन्ट्रियलच्या रुग्णाला मिळणार नाहीत इतकी माणसे अम्मानच्या रुग्णाच्या खाटेभोवती जमतात. एकटेपणा हृदयाला घातक असतो हे विज्ञान सांगते, आणि एकटे पडू न देण्याची सोय इथल्या समाजात आधीच आहे. म्हणून शुक्रवारच्या नमाजानंतर इमामाने ‘नैराश्य हा आजार आहे, त्यावर औषध घेणे हे श्रद्धेच्या विरुद्ध नाही’ एवढे सांगितले, तर ते रुग्णालयाच्या शंभर पत्रकांपेक्षा लांब पोचेल.

रमजानचाही इथे विचार करावा लागतो. उपास सूर्योदयापूर्वीपासून सूर्यास्तापर्यंत, पाण्याचा घोटही नाही. दिवसात दोन-तीन वेळा घ्यायच्या गोळ्या रुग्ण स्वतःच्या मनाने एकत्र करतो किंवा सोडतो. हृदयाच्या औषधांबद्दल डॉक्टर तरी विचारतात. नैराश्याची गोळी मात्र गुपचूप बंद होते. अचानक बंद केल्यावर चक्कर, अस्वस्थता, चिडचिड सुरू होते आणि दोष उपासाला दिला जातो. दिवसातून एकदा घ्यायची गोळी इफ्तारनंतर घ्या, असे महिनाभर आधी सांगितले तर हे टळते. ज्याचे हृदय फार कमजोर आहे त्याने उपास करू नये, आणि आजाऱ्याला ही सवलत धर्मानेच दिलेली आहे.

कुटुंबाविषयी थोडे अधिक लिहायला हवे. अरब घरात आजाराचा निर्णय एकटा रुग्ण घेत नाही. मोठा मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतो, ‘बाबांना सगळे सांगू नका.’ हेतू प्रेमाचा असतो. पण बाबांना आपल्यापासून काहीतरी लपवले जात आहे हे दुसऱ्याच दिवशी कळते, आणि मग ते मनात सर्वांत वाईट तेच धरून बसतात. त्यात भर म्हणून त्यांना पलंगावरून उठू देत नाहीत. पाण्याचा पेला मुलगी आणून देते, दुकान भाऊ सांभाळतो, गाडीची किल्ली काढून घेतली जाते. माणूस हळूहळू आपल्याच घरात पाहुणा होतो. हृदयाला हवी असते हालचाल आणि मनाला हवे असते काम. इतक्या मायेच्या घरात दोन्ही बंद होतात.

बाईच्या वाट्याला याच्या उलट येते. झटका तिलाही येतो, पण तो अनेकदा छातीतल्या कळेऐवजी धाप, मळमळ, पाठदुखी असा येतो, आणि तिला रुग्णालयात आणायला उशीर होतो. घरी परतली की आठवड्याभरात ती चुलीपुढे उभी असते, कारण तिच्याशिवाय घर चालत नाही. नैराश्याचे प्रमाण जगभर स्त्रियांमध्ये पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आहे. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर तापणाऱ्या आखाती शहरांत बाहेर चालायला जाणे पुरुषालाही जमत नाही. एकट्या बाईला तर उन्हाबरोबर लोकांच्या नजराही असतात. दुबई-दोह्यात बरेच लोक वातानुकूलित मॉलमध्ये सकाळी चालतात. ही साधी सोय डॉक्टरने औषधाच्या चिठ्ठीवर लिहून द्यावी इतक्या मोलाची आहे, कारण नियमित चालण्याने नैराश्य हटायला मदत होते आणि हृदयही सुधारते. झटक्यानंतरच्या पुनर्वसनाची केंद्रे या सगळ्या देशांत गरजेच्या मानाने फार थोडी आहेत.

एक गोष्ट तर कुणीच काढत नाही: पतिपत्नीचे संबंध. झटक्यानंतर ते करावेत का, केल्यास पुन्हा झटका येईल का, ही भीती नवराबायको दोघांनाही छळते. पन्नाशीचा पुरुष हे डॉक्टरला विचारत नाही, डॉक्टर आपणहून सांगत नाही. कसलाही त्रास न होता दोन जिने चढू शकणाऱ्या बहुतेक रुग्णांना हे सुरक्षित असते, एवढे एक वाक्य सांगितले तरी कित्येक घरांवरचे मळभ दूर होईल. नैराश्याच्या काही गोळ्यांनी या बाबतीत अडचण येते हेही आधीच सांगायला हवे, नाही तर रुग्ण कारण न सांगता गोळी सोडतो.

उपचारांविषयी प्रामाणिक असणे गरजेचे आहे, कारण इथे आशा आणि पुरावा यांची सरमिसळ सहज होते. २००२ मध्ये सात देशांतल्या ३६९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सर्ट्रालिन हे औषध झटक्यानंतरही सुरक्षित असल्याचे दिसले, आणि तीव्र किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या नैराश्यात ते उपयोगीही ठरले. जुन्या पिढीतली ट्रायसायक्लिक औषधे मात्र हृदयाचा ठोका बिघडवू शकतात, ती हृदयरुग्णाला टाळावीत. सिटालोप्रामचा डोस वाढवताना ईसीजीवर नजर ठेवावी लागते. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असताना या नव्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, म्हणून हृदयाच्या डॉक्टरला न सांगता त्या सुरू करू नयेत. बोलण्यातून उपचार करण्याची मोठी परीक्षा अमेरिकेत २,४८१ रुग्णांवर झाली. २००३ मध्ये तिचा निकाल आला: मनःस्थिती सुधारली, पण मृत्यू किंवा दुसरा झटका कमी झाला नाही. त्यानंतर २०१८ मध्ये दक्षिण कोरियातून वेगळी बातमी आली. तिथे ३०० रुग्णांना २४ आठवडे एसिटालोप्राम किंवा खोटी गोळी दिली आणि सुमारे आठ वर्षे मागोवा ठेवला. हृदयाच्या मोठ्या घटना औषध घेतलेल्यांपैकी ४०.९ टक्क्यांना घडल्या, खोटी गोळी घेतलेल्यांपैकी ५३.६ टक्क्यांना.

यावरून माझे मत असे बनले आहे: नैराश्यावर उपचार केल्याने आयुष्य वाढेलच असे रुग्णाला सांगू नये. पण त्याला झोप लागेल, भूक लागेल, नातवंडे हवीशी वाटतील, गोळ्या वेळेवर घेतल्या जातील, एवढी आशा मात्र देता येते. पन्नाशीतल्या माणसासाठी हे थोडे नाही.

ओळखण्याची साधने तयार आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातही गोडी वाटली नाही असे झाले का, आणि मन खिन्न किंवा हताश होते का, अशा दोन प्रश्नांची चाळणी जगभर वापरतात. उत्तर ‘हो’ आले तर नऊ प्रश्नांची मोठी प्रश्नावली. तिचे अरबी रूप सौदी अरेबिया आणि लेबनॉनमध्ये पडताळून पाहिलेले आहे. रुग्णालयातल्या रुग्णांसाठी केलेली दुसरी एक मोजपट्टी संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन शहरात तपासली गेली; तिच्यात थकवा, भूक असे शारीरिक प्रश्न मुद्दाम वगळलेले असल्याने हृदयरुग्णासाठी ती सोयीची पडते. हे काम हृदयाच्या ओपीडीतच व्हायला हवे, तेही परिचारिकेच्या हातून. ‘मनाच्या डॉक्टरकडे जा’ अशी चिठ्ठी दिली की ती खिशातच राहते. मानसोपचारतज्ज्ञ हृदयविभागाच्या त्याच मजल्यावर बसला, तर रुग्ण त्याच्याकडे जाईल, कारण दारावरची पाटी हृदयरोगाची असेल.

युद्धग्रस्त देशांत तर याहून मूलभूत अडचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागात राहणाऱ्या दर पाच माणसांपैकी एकाला काही ना काही मानसिक आजार असतो. येमेनची राजधानी साना इथला विमानतळ ऑगस्ट २०१६ पासून मे २०२२ पर्यंत प्रवासी विमानांसाठी बंद होता. ज्यांना शस्त्रक्रियेसाठी अम्मान, कैरो किंवा मुंबईला जायचे होते ते हृदयरुग्ण घरीच बसून राहिले. अशा माणसाच्या मनात काय चालले असेल ते मोजायला कुठल्या प्रश्नावलीची गरज नाही.

इथे हा विषय आपल्या दाराशी येतो. ओमान, येमेन, इराकमधले रुग्ण बायपास आणि झडपांच्या शस्त्रक्रियांसाठी मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत येतात. रुग्णालये त्यांना व्हिसाचे पत्र देतात, हलाल जेवण देतात, अरबी दुभाषा देतात. घरातली शंभर माणसे मात्र मागे राहिलेली असतात. बरोबर एखादा मुलगा किंवा भाऊ, आणि चार भिंतींची खोली. उलट दिशेने रत्नागिरी-रायगडची हजारो माणसे कुवेत, दुबई, मस्कतमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राबत आली आहेत. ‘गल्फ रेस’च्या नोंदींत अरबांबरोबर दक्षिण आशियाई कामगारही मोठ्या संख्येने आहेत. झटका आला की त्यांच्या उशाशी बसायला कुणी नसते. एका खोलीत सहा जण राहतात, पण सगळे कामावर गेलेले असतात, आणि नोकरी गेली तर व्हिसाही जाईल ही टांगती तलवार डोक्यावर असते.

म्हणून मुंबई-पुण्याच्या हृदयविभागांत काम करणाऱ्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि दुभाष्यांना, तसेच आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना एक विनंती आहे. अरब रुग्ण ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणाला की तिथे थांबू नका; झोपेबद्दल विचारा, घरच्यांबद्दल विचारा, चाळणीचे ते दोन प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर लिहा. दुभाष्याला आधी सांगा की रुग्णाचे शब्द जसेच्या तसे पोचवायचे, ‘छातीत दुखते’ एवढ्यावर आटोपायचे नाही. तुमच्या घरातला कुणी झटक्यानंतर गप्प झाला असेल तर त्यालाही हेच विचारा. भारतात ‘टेलि-मानस’ची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येते, लेबनॉनमध्ये ‘एम्ब्रेस’ संस्थेच्या मदतवाहिनीचा क्रमांक १५६४ आहे.